फॉर्म मुलाने भरला, विचारलं होतं आईने

पत्र

सिस्टर, नमस्कार. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून अडीच वर्षं झाली, एका खासगी इस्पितळात फिमेल सर्जिकल वॉर्डात स्टाफ नर्स आहे. गेल्या महिन्यात आमच्याकडे पेडण्याच्या बाजूची एक आजी होती. पोटातली गाठ काढली, बायोप्सीचा रिपोर्ट आला तो कॅन्सरचा. मुलगा जहाजावर असतो, सुट्टी काढून आलेला. त्याने आम्हा सगळ्यांना हात जोडून सांगितलं, ‘आईला काही कळता कामा नये, ती खचेल.’ डॉक्टरही ‘बघू’ म्हणाले.

माझी नाईट होती. चौदा पेशंट, मी आणि एक आया. अडीच वाजता सलाईन बदलायला गेले तर आजी जागी. माझा हात धरून म्हणाली, ‘बाय, माका खरां सांग. पोटात काय गावलां?’ मी हसून म्हटलं, ‘काय नाही गो आजी, साधी गाठ ती, काढून टाकली.’ ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग हात सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर पाच दिवस ती वॉर्डात होती, पण माझ्याशी कामापुरतंही बोलली नाही.

डिस्चार्जच्या दिवशी मुलाने अभिप्रायाचा फॉर्म भरला. पाचपैकी पाच, आणि खाली माझं नाव घालून ‘फार प्रेमळ’. आता रिसेप्शनजवळच्या बोर्डावर माझा फोटो लागलाय, महिन्याची उत्कृष्ट परिचारिका म्हणून. त्याच महिन्यात माझ्या सीनियरला दोन गुण पडले, कारण ड्रेसिंगच्या वेळी तिने पेशंटच्या सगळ्या माणसांना पडद्याबाहेर काढलं. मेट्रन म्हणतात, यंदापासून पगारवाढ या गुणांवरच.

त्या फोटोसमोरून जाताना चोरी केल्यासारखं वाटतं. मी चुकले का? काय बोलायला हवं होतं? आजीला फोन करून माफी मागू का? नंबर फाइलमध्ये आहे.

— एक परिचारिका

उत्तर

बाय,

आधी एक काम कर, मग पुढचं वाच. पत्रासोबत तू मला व्हॉट्सअ‍ॅपवर आजीच्या रिपोर्टचा फोटो पाठवला होतास. त्यावर तिचं पूर्ण नाव, वय, गाव, नोंदणी क्रमांक, सगळं स्वच्छ दिसत होतं. मी तो पुसला. तूही पूस. तुझ्या शब्दावर मी विश्वास ठेवणारच होते, पुरावा कशाला हवा होता? वरच्या पत्रातही मी दोन-तीन बारकावे बदललेत, नाहीतर पेडण्यात कुणीतरी ‘अगो, ही तर अमक्याची आई’ म्हणून मोकळं व्हायचं.

हे रागावून म्हणत नाही. खरं तर थोडं रागावूनच म्हणतेय. एका बाईच्या पोटात काय सापडलं हे तिच्या मुलाला ठाऊक, सुनेला ठाऊक, तुला, आयेला, बिलाच्या काउंटरवरच्या पोराला ठाऊक, आणि आता फोंड्यात घरी चहा पीत बसलेल्या मला, एका निवृत्त बाईला, तेही ठाऊक. ज्या एका माणसाने हात धरून विचारलं, तेवढंच माणूस राहिलं.

आता तुझा प्रश्न. चुकलीस का? हो. पण तुला वाटतं तिथे नाही. रिपोर्ट सांगितला नाहीस ही तुझी चूक नव्हे. निदान सांगणं हे उपचार करणाऱ्या डॉक्टरचं काम. कॅन्सर म्हटलं की माणूस पुढचे चार प्रश्न विचारतं: कुठवर पसरलाय, औषध आहे का, किती दिवस, खर्च किती. त्यांची उत्तरं तुझ्यापाशी नव्हती. रात्री अडीच वाजता तू तो शब्द उच्चारला असतास आणि पुढच्या क्षणी आठ नंबरची घंटा वाजली म्हणून धावत गेली असतीस, तर ती याहून मोठी चूक ठरली असती.

तुझी चूक ‘साधी गाठ’ या दोन शब्दांत आहे. तिने तुझ्यासमोर दार उघडलं होतं. तू ते हसत हसत लावलंस. तिने हात सोडला तो तुझ्यावर चिडून नव्हे, असं मला वाटतं. तिला तुझ्या चेहऱ्यावरून उत्तर मिळालं होतं. चार पोरं वाढवलेल्या बाईला कोण खोटं बोलतंय ते अंधारातही कळतं.

मी चौतीस वर्षं सरकारी नोकरी केली, आणि पहिल्या दोन वर्षांत मीही असा पळ काढला आहे. फक्त माझा प्रकार वेगळा होता. मी खोटं बोलत नसे, ‘सकाळी दोतोरांना विचारा’ म्हणून ट्रे उचलून चालू लागत असे. नियमाला धरून, आणि तितकंच निष्ठुर. एका रात्री असंच एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला टाळून मी नर्सिंग स्टेशनवर आले, तर आमची सीनियर सिस्टर, केरळची, मोडकीतोडकी कोंकणी बोलायची, ती उठली. त्याच्या खाटेशी स्टूल ओढून बसली आणि त्याला उलट विचारलं, ‘तुका कितें दिसता?’ तुला काय वाटतं? तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, ‘हांव उरचो ना अशें दिसता.’ मी काही वाचत नाही असं वाटतं. तिने ‘तसं काही नाही’ म्हटलं नाही, ‘हो’ही म्हटलं नाही. म्हणाली, दोतोर सकाळी नऊला येतात, तुला सगळं ऐकायचंय असं मी त्यांना सांगू का? तो म्हणाला, ‘सगळें नाका. म्हज्या भाटाचें करपाक वेळ आसा काय ना, तितलेंच सांग म्हण.’ सगळं नको, माझ्या बागेचं करायला वेळ आहे की नाही, तेवढंच.

त्या माणसाला जंतूचं नाव, गाठीचं नाव काहीही नको होतं. त्याला काजूच्या बागेचं लिखित करायचं होतं. आपल्या गोव्यात मृत्युपत्र म्हणजे घरी कागदावर लिहिलं, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या, झालं, असं नसतं. ते विशेष नोटरीसमोर करावं लागतं, एरवी सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत जाऊन. त्यासाठी अंगात ताकद हवी आणि हातात दिवस हवेत. आपण ‘खचेल’ म्हणून जे लपवतो त्यात माणसाचे हे दिवसही लपवले जातात. कुणाला बागेचं बघायचं असतं, कुणाला देवीची ओटी भरायची असते, कुणाला धाकट्या बहिणीशी वीस वर्षांचं न बोलणं संपवायचं असतं. आजीला काय करायचं होतं, तुला ठाऊक आहे? मला नाही. तिच्या मुलालाही नसावं.

तर, त्या रात्री काय बोलायचं होतं? माझ्या तोंडी बसलेले शब्द देते, तू तुझ्या बोलीत कर. आधी सलाईनचा हात मोकळा कर आणि बस. उभ्याने बोलू नको, उभी नर्स निघालेलीच दिसते. मग विचार, ‘आजी, तुम्हाला काय वाटतं, काय असेल?’ उत्तर पूर्ण ऐक. मधे ‘नाही हो’ म्हणू नको. मग, ‘रिपोर्ट मी सांगू शकत नाही, तो डॉक्टरांनीच नीट समजावायला हवा. पण तुम्ही विचारलंय हे मी विसरणार नाही. सकाळी त्यांना सांगते की आजीला स्वतः ऐकायचंय. चालेल?’ आणि शेवटी सगळ्यात महत्त्वाचं: ‘सगळं ऐकायचंय, की मुलाशी बोललेलं पुरे?’

हा शेवटचा प्रश्न सोडू नको. काही माणसांना खरोखरच ऐकायचं नसतं. ‘तू आणि दोतोर बघा, माझ्या कानावर काही घालू नका,’ असं सांगणारे पेशंट मी भरपूर पाहिलेत. तोही त्यांचा हक्कच. फरक इतकाच की तो निर्णय त्यांचा असतो, त्यांच्या वतीने दुसऱ्याने हात जोडून मागितलेला नसतो.

आणि हे सगळं लिहून ठेवायचं. नर्सिंग नोट्समध्ये दोन ओळी: रात्री २.३०, पेशंटने निदानाबद्दल विचारलं, डॉक्टरांकडून स्वतः ऐकण्याची इच्छा व्यक्त केली. सकाळच्या हँडओव्हरला तोंडानेही सांगायचं, पण खाटेपाशी उभं राहून शेजारच्या बाईला ऐकू जाईल असं नाही. मग राउंडला डॉक्टर ‘बघू’ म्हणाले तरी कागद ‘बघू’ म्हणत नाही. माझा अनुभव असा की लेखी नोंद दिसली की डॉक्टरांना वेळ सापडतो. (डॉक्टर मंडळींनी राग मानू नये. मानला तरी हरकत नाही.)

मुलाबद्दल दोन शब्द, कारण तो खलनायक नाही. तारवटी माणूस. वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर. आईच्या दुखण्यात वीस-पंचवीस दिवस मिळाले, आणि बोटीवर परत जाताना तिला रडताना बघायचं नाही, एवढंच त्याला कळत होतं. त्याने तिच्यासाठी हात जोडले असतील, थोडे स्वतःसाठीही. अशा माणसाला ‘हे बेकायदा आहे’ असं तोंडावर मारू नये. कॉरिडॉरमध्ये बाजूला घेऊन सांगायचं: ‘दादा, त्यांनी विचारलं नाही तर मी होऊन काही सांगणार नाही. पण विचारलं तर खोटं बोलणार नाही.’ या एका वाक्याने माझ्या नोकरीत निम्मी भांडणं वाचली. बहुतेक मुलगे थोडा वेळ गप्प राहून विचारतात, ‘मग आम्ही कसं सांगायचं?’ तिथून खरं काम सुरू होतं. त्यांना डॉक्टरांसोबत एकत्र बसवता येतं, मुलाने आईच्या शेजारी बसायचं, डॉक्टरने सांगायचं. खचतात का? काही खचतात. एकट्याने खचण्यापेक्षा मुलाचा हात हातात असताना खचलेलं बरं.

त्याला व्यवहाराची आणखी एक गोष्ट सांगता आली असती. केमो सुरू झाली की हे गुपित टिकत नाही. पहिल्याच दिवशी शेजारच्या खुर्चीवरची बाई विचारते, ‘तुमचा कुठला?’ मुलगा जपत होता ती बातमी आईला अनोळखी माणसाकडून मिळते, हातात सुई टोचलेली असताना, आणि तेव्हा मुलगा बहुधा सिंगापूरच्या बंदरात असतो.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण मेट्रनशी बोलताना लागेल. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांची सनद तयार केली. त्यात १७ हक्क आहेत, आणि पहिलाच माहितीचा: आजार काय, उपचार काय, ते पेशंटला समजेल अशा भाषेत सांगायचं. ‘समजेल अशा भाषेत’ हे शब्द आपल्याकडे फार जड आहेत. आजीच्या वयाच्या पेडणे-सत्तरीतल्या बायका शिकल्या असतील तर मराठी चौथी. आणि रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, संमतिपत्र, सगळं इंग्रजीत. तिने अंगठा किंवा सही केली ती कशाखाली, हे तिला कुणी वाचून दाखवलं होतं का, आठवून बघ.

दुसरी गोष्ट सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा समीरा कोहली खटला. तपासणीसाठी भूल दिलेली चव्वेचाळीस वर्षांची बाई टेबलावर, आणि गर्भाशय काढायची संमती घेतली बाहेर बसलेल्या तिच्या आईकडून. न्यायालयाने म्हटलं, पेशंट सज्ञान आहे, जिवावर बेतलेलं नाही, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. आईची संमती तिची होत नाही. तो खटला डॉक्टरवर होता. पण आपल्या वॉर्डांत नातेवाइकांची सही घ्यायला कागद आणि पेन घेऊन कोण धावतं? तू आणि मी.

नर्सिंग शिकताना दिवा घेऊन शपथ घेतलीस ना? त्या शपथेला नाइटिंगेलबाईंचं नाव असलं तरी ती त्यांनी लिहिलेली नाही. १८९३ साली अमेरिकेत डेट्रॉइटला ती तयार झाली. त्यात पेशंटच्या खासगी गोष्टी आपल्यापाशी ठेवायचं वचन आहे. ते आम्ही पांढऱ्या साडीत, मेणबत्त्या हातात धरून, अगदी गहिवरून म्हटलं होतं. नंतर मी काय केलं ते सांगते, म्हणजे फोटो पुसण्यावरून मी तुला एवढं का बोलले ते कळेल.

१९८९ साली डॉमिनिक डिसोझा या गोव्यातल्या तरुणाच्या रक्तात एचआयव्ही आढळला, म्हणून त्याला पोलिसांकरवी उचलून म्हापशाच्या जुन्या क्षयरोग इस्पितळात एकटं डांबून ठेवलं, ६४ दिवस. गुन्हा काही नाही. त्याच्या आईने कोर्टात धाव घेतली. हे सगळं पेपरात येत होतं आणि आम्ही नर्सेस घाबरून वाचत होतो. त्यानंतरच्या एका वर्षी माझ्या वॉर्डात असाच एक मुलगा आला. मी त्याच्या केस पेपरच्या कोपऱ्यात लाल शाईने एक खूण केली. वाईट हेतूने नव्हे, पुढच्या ड्युटीची मुलगी सावध राहावी म्हणून. ती खूण सफाईवाल्याने ओळखली. संध्याकाळी त्याचं जेवणाचं ताट दाराबाहेर जमिनीवर ठेवलेलं होतं. तो उठून आला, वाकला, ताट उचललं आणि माझ्याकडे बघितलं. बोलला काही नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने आता संमतीशिवाय असं कुणालाही कळवायला मनाई आहे. तेव्हा कायदा नव्हता, पण शपथ होती, आणि लाल पेन माझंच होतं.

असो. गुणांकडे येऊ.

तुमच्या इस्पितळातला तो फॉर्म मी पाहिलेला नाही, पण असे फॉर्म पाहिलेत. बिल भरायच्या खिडकीवर, दोरीला बांधलेलं पेन, मागे रांग, आणि भरणारा तो, ज्याला लवकर घरी जायचंय. त्यात समाधान मोजलं जातं ते नातेवाइकाचं. नातेवाइकाचं समाधान वाईट नाही, पण ती वेगळी गोष्ट. मुलाला हवं ते तू केलंस, त्याने पाच दिले. हिशेब चोख. आईच्या रकान्यात कुणी काही विचारलंच नाही. विचारलं असतं तर तिने किती दिले असते, हे तुला ठाऊक आहे, म्हणून तो फोटो टोचतो.

अमेरिकेत इस्पितळांच्या अशा पाहणीचे निकाल २००८ पासून जाहीर होतात. ती प्रश्नावली घरी गेलेल्या पेशंटच्या नावाने जाते आणि नर्सबद्दल तीन गोष्टी विचारते: किती वेळा आदराने वागल्या, किती वेळा लक्ष देऊन ऐकलं, किती वेळा समजेल असं सांगितलं. उत्तर कधीच नाही, कधीकधी, बहुधा, नेहमी यांतून द्यायचं. ‘प्रेमळ होत्या का’ हे त्यात नाही. बरंच झालं. प्रेमळपणा मोजायला गेलं की नर्स हसायला शिकते, तू शिकलीस तशी. आपल्या केंद्र सरकारचीही २०१६ पासूनची ‘मेरा अस्पताल’ नावाची सोय आहे, ती पेशंटला फोनवर किंवा एसएमएसवर विचारते. म्हणजे खिडकीवरच्या दोरीच्या पेनाला पर्याय नाहीत असं नाही.

तुझ्या सीनियरचे दोन गुण माझ्या हिशेबाने दहा आहेत. ड्रेसिंगला पडदा ओढणं आणि माणसं बाहेर काढणं हे तिने केलंच पाहिजे होतं. आपल्याकडे पेशंटला बघायला येणं म्हणजे अर्धा वाडा येतो, पेजेचा डबा, पाव, शहाळी, आणि एक तरी काका, जो जखम बघितल्याशिवाय हलत नाही. ज्या बाईने सख्ख्या दिरासमोर कधी डोक्यावरचा पदर खाली येऊ दिला नाही, तिचं पोट उघडं ठेवून आपण गॉझ बदलायचा? पण तुझ्या सीनियरला एक सांग: ‘बाहेर व्हा’ आणि ‘पाच मिनिटं पडदा लावते, त्यांना लाज वाटते, मग बोलावते’ यांना वेळ सारखाच लागतो. पहिल्याला दोन गुण मिळतात, दुसऱ्याला कदाचित चार. फॉर्मची लायकी तेवढीच.

चौदा पेशंटमागे एक नर्स, हे तू सहज लिहून गेलीस. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण शिक्षण देणाऱ्या इस्पितळाच्या साध्या वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स, इतर इस्पितळांत पाचामागे एक, आयसीयूत एकास एक असं आहे. पाचाच्या जागी चौदा. तेव्हा खाटेशी बसून ऐकायला वेळ कुठला, असं तू म्हणशील, आणि मी वाद घालणार नाही. तो मुद्दा मेट्रनसमोर ठेव. गुणांवर पगारवाढ देणाऱ्यांनी आधी आकड्यावर बोलावं. तरी दोन गोष्टी वेगळ्या धर. काही हक्कांना वेळ लागतो, बऱ्याच हक्कांना लागत नाही. सुई टोचायच्या आधी ‘आता टोचते, कशासाठी ते सांगते’, एवढ्याला दहा सेकंद. आल्या आल्या स्वतःचं नाव सांगायला त्याहून कमी. ‘सात नंबर’ न म्हणता नाव घ्यायला तर वेळ लागतच नाही. आणि सगळ्या म्हाताऱ्या बायकांना आजी म्हणायचं की कसं, तेही एकदा विचारावं. मला नुकतंच एका कोवळ्या मुलीने इंजेक्शन देताना ‘आजी’ म्हटलं. मला नाही आवडलं. चौसष्ट वर्षांची आहे मी. त्या रात्रीही तुझ्याकडे जे कमी पडलं ते मिनिटं नव्हती. ‘साधी गाठ’ म्हणायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात ‘सकाळी दोतोरांना सांगते, विसरणार नाही’ म्हणता आलं असतं.

मेट्रनकडे एकटी जाऊ नको, सीनियरला घेऊन जा. फोटो उतरवा अशी मागणी करू नको, त्याने नुसता तमाशा होईल, आणि पुढच्या महिन्यात तो तसाही उतरणार आहे. एवढंच सुचव: फॉर्म बिलाच्या खिडकीवर न देता पेशंट शुद्धीवर, बसती असेल तेव्हा तिलाच द्यावा, वाचता येत नसेल तर त्या वॉर्डाच्या नसलेल्या कुणीतरी मराठी-कोंकणीत विचारून भरावा, आणि ‘काय होतंय, काय करतोय ते तुम्हाला कुणी समजावून सांगितलं का’ हा एक प्रश्न वाढवावा. तुझ्या आजीची गोष्ट तिथे नाव न घेता सांग. मेट्रनही कधीतरी नाईटला होत्या. त्यांनाही कुणीतरी अडीच वाजता हात धरून विचारलं असणार.

आता फोनचं. नको. तो नंबर तिने इस्पितळाला दिला, तुला नव्हे. शिवाय फोन उचलणार सून, आणि ‘कोण बोलतंय, कशासाठी’ याचं उत्तर देताना तू आणखी एक खोटं बोलशील. ती फॉलोअपला येईल, टाके बघायला, पुढच्या उपचारांना. ओपीडीत ती आलीय कळलं तर ड्युटीतून पाच मिनिटं काढून जा. मुलगा किंवा सून सोबत असेल तर त्यांच्यादेखतही बोलायला हरकत नाही, कारण तू रिपोर्टचं काही बोलणारच नाहीस. म्हण, ‘आजी, त्या रात्री तुम्ही मला विचारलं होतं आणि मी टाळलं. तसं करायला नको होतं. मला माफ करा.’ बस. कारण देऊ नको, मुलाने सांगितलं होतं असं तर मुळीच नको. ती गप्प राहिली तर तूही गप्प राहा. ती ‘माका कळलेलां’ म्हणाली तर विचार, आणखी काही विचारायचं राहिलंय का, आणि राहिलं असेल तर डॉक्टरांच्या दारापर्यंत तिच्याबरोबर चालत जा. ती तोंड फिरवून बसली तर तोही तिचा अधिकार आहे, मनाला लावून घेऊ नको.

आणि तो फोटो, रिपोर्टचा. गॅलरीतून पुसला तरी फोनच्या कचऱ्याच्या डब्यात महिनाभर पडून असतो. तिथूनही काढ.